सर्टिफिकेट आहे, मशीनही आहे. मग कमाई कुठे अडली?

पत्र थोडक्यात असं:

सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी 21 वर्षांची मुलगी. ती नववीत असताना वडील गेले. आई कारखान्यातून पानं-तंबाखू आणून घरी विड्या वळते, धाकटा भाऊ अकरावीत आहे. हिला दहावीला 68 टक्के होते, पुढे कला शाखेतून बारावी झाली. दीड वर्षापूर्वी तिने तीन महिन्यांचा मोफत शिवणक्लास केला. सर्टिफिकेट मिळालं, कार्यक्रमात पायाचं मशीनही मिळालं. पण त्यानंतरच्या वर्षभरात सगळे मिळून साडेसहा हजार रुपये सुटले. गारमेंटच्या कारखान्यात काम मागायला गेली तर 'जुकीवर (कारखान्यातल्या विजेच्या शिलाई मशीनवर) हात बसलेला नाही' म्हणून परत पाठवलं. आता त्या मशीनवर आईचं विड्यांचं सूप ठेवलेलं असतं. एका खासगी संस्थेने 'सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरी' असं सांगून 35,000 रुपये फी मागितली आहे. निम्मी महिनाअखेर भरायची आहे आणि त्यासाठी आई कानातली फुलं गहाण टाकायला तयार आहे. भिवंडीचे मामा म्हणतात, कोर्स पुरे झाले, दिवाळीनंतर लग्न उरकू, मशीन आंदण देऊ. ती विचारते, 'ताई, माझ्यातच काही कमी आहे का? आणि आता कोणता कोर्स केला म्हणजे मी माझ्या पायावर उभी राहीन?'

आईची फुलं तूर्त तिच्या कानातच राहू देत. बाकीचं सावकाश बोलू, पण महिनाअखेर जवळ आली आहे म्हणून हे आधी.

सहा महिन्यांत कुणीही नर्स होत नाही. नर्सिंगच्या एएनएम कोर्सला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन, बी.एस्सी. नर्सिंगला चार. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते आणि शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आपली नोंदणी व्हावी लागते. ती नोंदणी नसेल तर नावामागे नर्स लावता येत नाही. सहा महिन्यांत शिकता येतं ते रुग्णाच्या देखभालीचं काम: अंग पुसणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, माणूस पलंगावर असतानाच चादर बदलणं, ताप आणि बीपी लिहून ठेवणं. हे काम मी मुळीच कमी लेखत नाही. धाराशिव, लातूर, विजापूरकडची माणसं उपचाराला सोलापुरात येतात, तिथल्या दवाखान्यांना असे हात रोज लागतात. पण या कामाच्या कोर्सला 'जनरल ड्युटी असिस्टंट' म्हणतात आणि केंद्राच्या कौशल्य विकास योजनांमधून तो मोफत शिकवला जातो. त्यासाठी 35,000 मोजायचे, तेही दागिना गहाण टाकून, याचं कारण मला दिसत नाही.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. त्या संस्थेत जा, पैसे न घेता जा, आणि मागच्या तुकडीतल्या तीन मुलींचे फोन नंबर माग. त्या मुलींना विचार: कोणत्या दवाखान्यात लागलीस, हातात किती येतात, रात्रपाळी किती, आणि अजून तिथेच आहेस का? चांगल्या संस्थेला हे नंबर द्यायला अभिमान वाटतो. 'ते गोपनीय असतं', 'आधी प्रवेश घ्या मग सांगू' असं उत्तर आलं तर तिथून निघून ये. हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलीने कोणत्याही कोर्सच्या दारात हाच प्रश्न विचारावा, मग तो फुकटचा असो की पैशांचा. फुकटच्या कोर्सलाही तुझे तीन महिने लागतात, आणि एकविसाव्या वर्षीचे तीन महिने फुकट नसतात.

आता तुझा पहिला प्रश्न. माझ्यातच काही कमी आहे का?

मी बारा वर्षं बचत गटांच्या बायकांसोबत काम केलं. सुरुवातीच्या काळात आम्हीही एका गावात शिवणवर्ग घेतला होता. शेवटच्या दिवशी हार-तुरे, पाहुणे, फोटो, सर्टिफिकेटं, सगळं झालं. वर्षभराने मी त्याच मुलींना भेटायला गेले. एका घरी मुलीने पत्र्याची पेटी उघडून लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट काढून दाखवलं, मशीन मात्र कोपऱ्यात साडीने झाकलेलं. म्हटलं, चालवत नाहीस का? तिने साडी बाजूला केली. मशीनचा चामडी पट्टा तुटलेला होता. तीन महिन्यांपासून. पट्टा मिळतो तालुक्याला, तालुक्याला एकटीने जायची सासरी परवानगी नाही, आणि नवऱ्याला सांगितलं की तो म्हणायचा, बघू. पट्टा काही महाग नसतो. पण तो कुठे मिळतो, कसा कापायचा, तार घालून कसा जोडायचा, हे आमच्या तीन महिन्यांत कुणीच शिकवलं नव्हतं. आम्ही झबलं शिकवलं, परकर शिकवला, पिशवी शिकवली. त्या मुलीच्या घरापासून तालुक्याच्या दुकानापर्यंतचा रस्ता शिकवला नाही. त्या दिवशी परत येताना एसटीत मला फार वाईट वाटलं होतं, आणि तुझं पत्र वाचताना तोच पट्टा डोळ्यांसमोर आला.

तुझं कुठे तुटलं ते बघ. क्लासमध्ये शेवटी साधा ब्लाऊज झाला असेल. गिऱ्हाईक काय घेऊन येतं? अस्तराचा कटोरी ब्लाऊज, लग्नातल्या साडीचं कापड, मापाला एक जुना ब्लाऊज, आणि सूचना अशी की याच्यासारखाच पण काखेत थोडा सैल, गळा जरा खोल, आणि परवा हवाय. मुंढा अर्धा इंच चुकीचा कापला गेला की कापड गेलं, आणि तसं कापड दुकानात पुन्हा मिळत नाही. म्हणून शेजारच्या काकू तुझ्याकडे फॉल लावायला, दोरे निघालेला परकर शिवायला देतात आणि ब्लाऊज नेहमीच्या टेलरकडे टाकतात. यात तुझा अपमान नाही. महागाचं कापड कापायचा धीर शंभर ब्लाऊज कापल्यावर येतो, आणि ते शंभर ब्लाऊज एखाद्या कसलेल्या बाईच्या हाताखाली व्हावे लागतात. तीन महिन्यांत ते होणं शक्य नव्हतं.

कारखान्याचंही तसंच. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारी युनिटं बरीच आहेत, तिथे काम आहे. पण तिथलं मशीन विजेवर पळतं. पायाच्या मशीनवर शिकलेली मुलगी जुकीवर पहिल्यांदा बसते तेव्हा पाय जरा दाबला तरी कापड हातातून सुटून पुढे जातं. सुपरवायझरने तुला नाकारलं ते तुझ्या मशीनवरून. तुला ज्यांनी शिकवलं त्यांनी कारखान्यात जाऊन एकदा बघितलं असतं, तर पायाच्या मशीनऐवजी तुला जुकीवर महिनाभर बसवलं असतं.

एक काम कर. वही घे आणि वर्षभरात तू जे जे शिवलंस ते आठवून लिहून काढ: काय शिवलं, किती वेळ लागला, किती ठरले, किती मिळाले. मला वाटतं, चौथ्या रकान्यात तुला धक्का बसेल. समज, एका ब्लाऊजचे दीडशे ठरले, दोरा-हुक-अस्तराचे तीस गेले, तीन तास लागले. तासाला चाळीस रुपये. त्यातही मावशीने 'पुढच्या महिन्यात देते गं' म्हटलं आणि तू बरं म्हणालीस. भाव सांगताना आपला आवाज खाली जातो, नात्यातल्या बाईकडे उधारी मागायला जीभ रेटत नाही. लहानपणापासून 'मागू नये' हेच शिकवलेलं असतं. ही शिलाईइतकीच शिकायची गोष्ट आहे, आणि तिचा क्लास क्वचितच कुणी घेतं.

तुझ्या पत्रात 'घरबसल्या' हा शब्द पाच वेळा आला आहे. घरबसल्या काही मिळालं तर बरं, घरबसल्या म्हणजे आईला काळजी नाही. तुझी आई आयुष्यभर घरबसल्याच कमावते आहे ना? हजार विड्या मोजून नेते, त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला निघतात, कोणत्या खराब हे समोरचा ठरवतो. जागा तुमची, दिवा तुमचा, तंबाखूचा वास तुमच्या अंथरुणात, आणि भाव त्यांचा. आईने त्यावर दोन लेकरं वाढवली, तिच्यापुढे मी हात जोडते. पण घरात बसून केलेलं काम सुरक्षित असतंच हे गृहीत धरू नकोस. बाजाराशी सरळ संबंध नसला की तुझ्या कामाची किंमत मधला माणूस लावतो.

घरी केलेलं काम वाईटच, असंही नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथेही बायका पीठ घरी नेतात आणि घरीच लाटतात. पण त्या मालकीण आहेत, नफ्यात त्यांचा वाटा आहे. काम घरी आहे की बाहेर, याआधी विचारायचं ते हे: भाव कोण ठरवतं, पैसे कधी मिळतात, आणि कमी मिळाले तर मी कुणाशी बोलू शकते?

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य, जे तू कंसात घालून पुढे गेलीस. 'आमच्या गल्लीतले पंखे मीच बघते, व्हिडिओ बघून कंडेन्सर बदलायला शिकले, पण ते काही कामाचं नाही.' शिवणाबद्दल तू दोन पानं लिहिलीस, त्यात 'केलं', 'दिलं', 'सांगितलं' एवढंच आहे. पंख्याच्या या एका ओळीत मात्र 'शिकले' आहे, तेही कुणी न शिकवता. हे कामाचं नाही असं कुणी ठरवलं?

तू आयटीआयची चौकशी केलीस का? सरकारी आयटीआयला प्रवेशासाठी किमान वय 14 आहे, वरची मर्यादा नाही, त्यामुळे एकवीस म्हणजे उशीर झाला असं मुळीच नाही. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, अर्ज निकालानंतर ऑनलाइन निघतात, 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात आणि सरकारी संस्थेत फी अगदी कमी असते. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि तारतंत्री म्हणजे वायरमन, दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. वीजतंत्रीला मागणी जास्त असते, तेव्हा पसंतीक्रमात तारतंत्रीही भर. पुढे 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत उमेदवारी करता येते, त्या काळात विद्यावेतन मिळतं. महावितरण विद्युत सहाय्यकांची भरती करतं ती याच दोन ट्रेडमधून. 2020 च्या टाळेबंदीत बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात शिडीशिवाय विजेच्या खांबावर चढणाऱ्या महावितरणच्या एका तंत्रज्ञ मुलीचा व्हिडिओ फिरला होता, तू कदाचित पाहिलाही असशील.

सरकारी नोकरी मिळेलच असं मी म्हणणार नाही. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. पण या कामाला नोकरीबाहेरही गिऱ्हाईक आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद पडला की माणूस दिवसभर वाट बघत नाही. घराघरांत दुपारी बायका एकट्या असतात. अनोळखी पुरुषाला आत घ्यायचं म्हणून मिक्सर, गिझर आठवडाभर तसाच पडून राहतो. तिथे तू गेलीस तर दार चटकन उघडेल. 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून छतावरच्या सौर पॅनलचं कामही वाढलं आहे, आणि त्यालाही वायरिंग जाणणारेच हात लागतात.

अडचणीही सांगते. दोन वर्षं पूर्ण वेळ जायचं, तेवढा काळ नियमित कमाई नाही. वर्गात तुम्ही दोघी-तिघीच मुली असाल. सुरुवातीला ठेकेदार साइटवर घ्यायला नाखूष असेल, 'शिडीवर चढणार का तू' असं विचारेल. घरचे म्हणतील, हे बाईचं काम नाही. हे शेवटचं मात्र मनावर घेऊ नकोस. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शंभरावर वर्षांपूर्वी दुष्काळातून आलेल्या, टाकून दिलेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवत होत्या, माग चालवत होत्या. आणि जी नर्सिंग आज 'मुलींना शोभणारं' म्हणून तुला सुचवली जाते, ती रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून सुरू केली तेव्हा चांगल्या घरच्या बायकांनी परक्या रोग्याला हात लावायचा म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. बाईचं काम कोणतं ही यादी दर पिढीत बदलत आली आहे.

या दोन वर्षांचा खर्च कसा निघेल? इथे तुझं शिवण कामाला येतं. संध्याकाळी दोन तास फॉल-पिको आणि ठरलेल्या चार घरांची दुरुस्ती, रोख पैशांवर. आईचं विडी कामगार म्हणून ओळखपत्र असेलच; केंद्राच्या कामगार खात्याची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, ती आयटीआयलाही लागू होते आणि अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात. ओळखपत्राची मुदत आणि नाव आत्ताच तपास, आधार कार्डावरचं नाव आणि तिथलं नाव यात एका अक्षराचाही फरक असला तर अर्ज अडतो. भावासाठीही तोच अर्ज भर. ती कागदपत्रं एकदाच गोळा करायची आहेत.

आणि पंख्याचं कंसातलं वाक्य तू नुसतंच लिहिलं असशील, मन खरंच शिवणात असेल, तर तोही रस्ता चांगला आहे. फक्त आणखी एक सर्टिफिकेट घेऊ नकोस. तुझ्या भागातल्या चांगल्या लेडीज टेलरकडे जा आणि सहा महिने हाताखाली घेता का विचार. सुरुवातीला हुक-काज, मग अस्तर, मग कटिंग. पैसे थोडे, पण ठरलेले असावेत. किंवा गणवेशाच्या युनिटमध्ये धागे कापायला, काज-बटणाला हेल्पर म्हणून लाग आणि जेवणाच्या सुट्टीत जुकीवर हात बसव. लागताना भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापतात का ते विचार. कापत असतील तर ते तुझ्याच भल्याचं असतं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे, हेही ठाऊक असू दे. हात बसल्यावर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी कर. 2023 पासूनच्या या योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 पर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज मिळतं. कर्ज मात्र गिऱ्हाईक आल्यावरच घे. गिऱ्हाईक येईल म्हणून घेतलेल्या कर्जाचे हप्ते मी बायकांना दागिने मोडून फेडताना पाहिलं आहे.

खेड्यात राहणाऱ्या मैत्रिणींसाठी इथेच सांगून ठेवते. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, लोक तिला आरसेटी म्हणतात. प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवण तिथेच, वय किमान 18, आणि मुख्य म्हणजे शिकून गेल्यावर दोन वर्षं त्यांनी पाठपुरावा करायचा असतो, बँकेशी जोडून द्यायचं असतं. तो पाठपुरावा हक्काने मागा. फोन आला नाही तर आपण फोन करा.

आता पैशांबद्दल, जे पत्रात तू विचारलंच नाहीस. तुझ्या बँक खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे? मी हा प्रश्न आताशा प्रत्येक मुलीला विचारते. बऱ्याचदा उत्तर येतं, भावाचा, वडिलांचा, नवऱ्याचा. खातं तिच्या नावावर, पण ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजतो, आणि पगार आल्याचं तिला संध्याकाळी घरी कळतं. कमावती असूनही तिला चपलांसाठी पैसे मागावे लागतात. म्हणून पहिलं काम हे: स्वतःच्या नावाचं सिम, तो नंबर खात्याला, एटीएमचा पिन कुणालाही नाही. हा घरच्यांवर अविश्वास नाही. आईला तू पैसे देणारच आहेस. ते तू मोजून दे, दर महिन्याला ठरलेले दे आणि स्वतःसाठी ठरलेले बाजूला टाक. 1997 साली म्हसवडला माणदेशी महिला बँक निघाली ती याचसाठी, की राबणाऱ्या बाईला तिच्या नावाने थोडेथोडके पैसे ठेवायला जागा हवी होती. आईच्या खात्यात लाडक्या बहिणीचे दरमहा 1500 येत असतील तर तिच्या खात्याचा नंबरही एकदा तपासून घे.

राहिले मामा. त्यांना तू मनात खलनायक करून ठेवलं आहेस असं पत्रावरून वाटतं. बहीण विधवा आहे, भाचीची जबाबदारी आपल्यावर आहे, लोक विचारतात, हे त्यांच्या डोक्यात असणार. त्यांच्याशी 'लग्न करायचंच नाही' असा वाद घालू नकोस, मोठ्यांशी असा वाद जिंकता येत नाही. त्यांना तारीख दे: मामा, मला आयटीआयची दोन वर्षं द्या, अमुक महिन्यात परीक्षा आहे, त्यानंतर तुम्ही स्थळ बघा, मी बसेन. आणि एक प्रश्न शांतपणे विचार: मशीन आंदण दिलंत, पण तिथे मला ते चालवू देतील का, आणि चालवलं तर पैसे माझ्याकडे राहतील का? बघायला येणाऱ्यांना हे विचाराल का? मामांना याचं उत्तर ठाऊक नसेल. पण असा प्रश्न विचारणाऱ्या भाचीला ते पुढच्या वेळी वेगळ्या नजरेने बघतील.

आणि आईला विचार. तुझ्या पूर्ण पत्रात आई फुलं काढून द्यायला तयार आहे एवढंच येतं, तिला काय वाटतं ते कुठेच नाही. मला शंका आहे की त्या बाईला 'घरबसल्या' या शब्दाबद्दल तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त बोलायचं असेल. रात्री सूप बाजूला ठेवल्यावर, भाऊ झोपल्यावर, तिला ती पंख्याची गोष्ट सांग. ऐकताना ती काय म्हणते बघ.

एवढ्यात दोन कामं कर. त्या संस्थेत जाऊन तीन मुलींचे नंबर माग. आणि सरकारी आयटीआयत दुपारच्या वेळी जा, वीजतंत्रीचं वर्कशॉप कुठे आहे विचार, दारात उभी राहून दहा मिनिटं नुसतं बघ. बोर्डावर वायरी जोडणारी मुलं-मुली दिसतील. हात शिवशिवले की नाही, ते मला लिहून कळव.